ग्रो टेंटसाठी एलईडी दिवा: आधी पीक, मग मोजपट्टी, मग वॉट

पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटना उत्तरेची बाल्कनी असते, नाहीतर समोर दुसरी इमारत उभी असते. जिथे ऊन येतं तिथेही जून ते सप्टेंबर ढगच असतात. म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर ग्रो टेंट, म्हणजे आतून चकचकीत कापडाचा बंद तंबू, लावून पालेभाजी, बेसिल, मिरची घ्यायची म्हटलं तर कल्पना चांगलीच आहे. गाडी अडते ती दिव्यापाशी. दुकानात किंवा ऑनलाइन दिसणाऱ्या दिव्यांवर '१००० वॉट', 'फुल स्पेक्ट्रम' असं ठळक छापलेलं असतं. त्यातल्या एकाही शब्दावरून तो दिवा आपल्या टेंटला पुरेल की जास्त होईल हे कळत नाही.

आधी एक अंदाज मनात पक्का करा. माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड लक्समध्ये मोजतात. दुपारच्या कडक उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत, टेबलाच्या उंचीला, तो दीडशे ते तीनशे लक्स भरतो. आपले डोळे दोन्हीकडे सरावतात, त्यामुळे खोली उजळ वाटते, पण रोपाच्या हिशेबाने तिथे अंधारच असतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, आकड्यांवर चाला. आकडे तीन-चारच आहेत आणि सातवीच्या गणिताइतके सोपे आहेत.

पायरी १: काय लावणार ते ठरवा

रोपं प्रकाशाचे कण वापरतात, लक्स नाही. पानावर एका सेकंदाला, एका चौरस मीटरमध्ये, वापरण्याजोगे किती कण पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. या मापाला पीपीएफडी म्हणतात. दिवसभरात मिळून किती कण पडले त्याचा आकडा म्हणजे डीएलआय, तो मोलमध्ये असतो. दोन्हींची सांगड अशी घालायची: पीपीएफडी गुणिले दिवा चालू असलेले तास गुणिले ०.००३६. म्हणजे २५० मायक्रोमोल, १६ तास, तर १४.४ मोल.

खरी कळ डीएलआयमध्ये आहे. तोच रोजचा खुराक. मायक्रोग्रीन्सना, म्हणजे कोवळेपणीच कापून खायच्या रोपांना, ६ ते १० मोल पुष्कळ झाले: १२० ते १५० मायक्रोमोल, १४ तास. कुंडीत हलवायच्या आधीच्या छोट्या रोपांना ९ ते ११, म्हणजे १५० ते २०० मायक्रोमोल आणि १६ तास. लेट्यूस १२ ते १५ वर छान भरतो. बेसिलला १७-१८ मिळाले की पानांना वास येतो आणि खोड दणकट होतं. त्यासाठी ३०० मायक्रोमोल, १६ तास धरा. मिरचीला फळं धरायची असतात, तिला २० च्या पुढे हवं: ४०० ते ५०० मायक्रोमोल, १४ ते १६ तास.

दोन पिकांना तासांचं भान ठेवावं लागतं. कोथिंबिरीला दिवस फार लांब केला आणि वर उकाडा असला की ती पानं सोडून फुलावर येते. तिला १२ तासच द्या आणि प्रकाश २५० च्या आसपास ठेवा. दुसरी स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणीकडून आणलेली रोपं बहुधा लहान दिवसांत फुलणाऱ्या जातींची असतात, स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन यांसारख्या. त्यांना १६ तास प्रकाश दिलात तर ती धावे (जमिनीवर पसरणारे फुटवे) सोडत बसतील आणि फुलं लांबतील. १२ तास आणि ४०० मायक्रोमोल दिले की खुराक भरतो आणि फुलंही येतात. तरी पुण्यात टेंटमधली स्ट्रॉबेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचाच खेळ आहे, मार्चनंतर तिच्या नादी लागू नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ग्रो टेंट आणि दिवे यांवरचा इंटरनेटवरचा बराचसा सल्ला गांजाच्या लागवडीसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे ती लागवड १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली गुन्हा आहे, हा एक भाग. दुसरा असा की त्या सल्ल्यातले ८००-१००० मायक्रोमोलचे आकडे लेट्यूस किंवा बेसिलला लावले तर पानं करपतात आणि बिल उगाच वाढतं. '२ बाय ४ फुटाच्या टेंटला किमान २०० वॉट' हे वाक्य तिथूनच आलेलं आहे. पालेभाजीला त्याच्या निम्म्यात भागतं.

पायरी २: टेंट मोजा, मग वॉट काढा

बाजारात मिळणारे टेंट बहुतेक ६० बाय ६०, ८० बाय ८०, १२० बाय ६० आणि १२० बाय १२० सेंटीमीटरचे असतात. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा: ६० बाय ६० म्हणजे ०.३६, १२० बाय ६० म्हणजे ०.७२.

आता १२० बाय ६० च्या टेंटमध्ये लेट्यूस घ्यायचा आहे असं समजा. हवे २५० मायक्रोमोल. २५० गुणिले ०.७२ म्हणजे १८०. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश पानांवर पडत नाही. टेंटचं आतलं चकचकीत कापड चांगलं असलं तरी थोडा भिंतींत आणि फटींत जातो, म्हणून ०.८ ने भागा. आले २२५. एवढे मायक्रोमोल दर सेकंदाला दिव्यातून बाहेर पडायला हवेत. दिव्याच्या माहितीपत्रकावर हा आकडा पीपीएफ या नावाने असतो.

चांगला दिवा एका वॉटमागे सेकंदाला अडीच मायक्रोमोल देतो. २२५ भागिले २.५ म्हणजे ९० वॉट. झालं उत्तर. याच टेंटमध्ये मिरची घ्यायची तर ४५० मायक्रोमोल धरून साधारण १६० वॉट येतात. ६० बाय ६० मध्ये लेट्यूससाठी ४५ वॉट पुरतात, ८० बाय ८० ला ८०.

आज पालेभाजी आणि पुढे कधीतरी मिरची असा विचार असेल तर मिरचीच्या हिशेबाने, पण डिमर (प्रकाश कमी-जास्त करायचं बटण) असलेला दिवा घ्या आणि निम्म्यावर चालवा. एलईडी कमी करंटवर चालवला की वॉटमागे थोडा जास्तच प्रकाश देतो आणि कमी तापतो, त्यामुळे त्यात नुकसान नाही. डिमर नसलेला मोठा दिवा मात्र घेऊ नका.

उंचीही आत्ताच मोजून टाका. कुंडी २५ सेंटीमीटर, दिवा आणि वरची दोरी-हुक मिळून २०, दिवा आणि पानं यांतलं अंतर ३५. हे ८० सेंटीमीटर रोपाशिवायच गेले. १४० उंचीच्या टेंटमध्ये रोपाला साठच उरतात. लेट्यूस, बेसिल, मेथी आरामात बसतील. त्याहून उंच वाढणाऱ्या मिरचीला १८० चा टेंट लागतो. दिव्यावर हजारो रुपये घालून टेंट बुटका निघाल्याचं रडगाणं पुष्कळ ऐकू येतं.

पायरी ३: लेबल वाचायला शिका

इथे घाई केली की पैसे बुडाले असं समजा.

खोक्यावरचा वॉटचा आकडा सोडून द्या. '१००० वॉट' लिहिलेला दिवा भिंतीच्या सॉकेटमधून १०० वॉट ओढतो असं सर्रास आढळतं. तो मोठा आकडा आतल्या प्रत्येक एलईडीची कागदावरची कमाल क्षमता बेरीज करून काढलेला असतो, नाहीतर जुन्या सोडियम दिव्याच्या तुलनेत 'समतुल्य' म्हणून ठोकलेला असतो. तुम्हाला हवा तो प्रत्यक्ष ओढला जाणारा वॉट. माहितीपत्रकात तो खाली बारीक अक्षरात सापडतो. नसेल तर ड्रायव्हरचं लेबल बघा. ड्रायव्हर म्हणजे दिव्याच्या पाठीवरची किंवा वायरला लोंबणारी धातूची डबी, २३० व्होल्टचं एलईडीला चालेल अशा विजेत रूपांतर करणारी. त्यावर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. ५४ व्होल्ट आणि १.७८ अँपिअर असेल तर गुणाकार ९६ वॉट. याहून जास्त वॉट त्या दिव्यावर कायम टिकणार नाहीत, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. इनपुटचा आकडाही तिथेच वाचा: २४० व्होल्टपर्यंत किंवा त्याच्या वर असलाच पाहिजे. फक्त ११०-१२० व्होल्टचा परदेशी माल चुकून मागवला तर पहिल्याच दिवशी धूर निघेल.

मग पीपीएफ आणि वॉट यांचा भागाकार करा. २.५ किंवा वर: उत्तम. २ ते २.५: चालेल. दीडच्या खाली असेल तर तो दिवा स्वस्त कितीही असो, महाग पडतो. आधीच्या लेट्यूसच्या उदाहरणात दीडचा दिवा घेतला तर ९० च्या जागी १५० वॉट लागतील. रोज १६ तास म्हणजे महिन्याला जवळजवळ २९ युनिट जादा, आणि ते ६० वॉट टेंटमध्ये उष्णता होऊन बसतात ते वेगळंच. पीपीएफ छापलेलाच नसेल, विचारूनही मिळत नसेल, तर तो दिवा सोडा. दुसरे आहेत.

लुमेनवर विक्री करणाऱ्यांकडेही सावध. लुमेन माणसाच्या डोळ्यासाठी आहेत. तरीही घरगुती पांढऱ्या एलईडी पट्टीचा अंदाज त्यावरून येतो. वॉटमागे १०० लुमेन देणारी साधी पट्टी साधारण दीडच्या थोडं खाली मायक्रोमोल देते. २० वॉटच्या दोन पट्ट्या मायक्रोग्रीन्सच्या एका मांडणीला किंवा रोपवाटिकेच्या ट्रेला मस्त चालतात, आणि त्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. एवढंच करायचं असेल तर 'ग्रो' शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

चिपच्या नावाचा फार बाऊ करू नका. सॅमसंगच्या एलएम३०१बी किंवा एलएम३०१एच चिप चांगल्या आहेत यात वाद नाही, एलएम२८१बी त्यांच्या खालोखाल आणि स्वस्त. पण चांगली चिप कमी संख्येने लावून, पातळ पत्र्यावर, जास्त करंटने दामटली की ती तापते आणि तिचा चांगुलपणा संपतो. शिवाय नुसतं नाव छापायला काही लागत नाही. भारतात नावाजलेला ड्रायव्हर, उदाहरणार्थ मीनवेलचा, असेल तर ते जास्त भरवशाचं लक्षण आहे, कारण दिव्यात आधी जातो तो ड्रायव्हर, एलईडी नव्हे. ड्रायव्हर स्क्रूने बसवलेला आणि बदलता येणारा हवा. बीआयएसची (भारतीय मानक संस्थेची) खूण आहे का तेही पाहून घ्या.

विक्रेत्याकडे पीपीएफडीचा नकाशा मागा. टेंटच्या मापाचा चौकोन, त्यात ठिकठिकाणी आकडे आणि दिवा किती उंचीवर होता याची नोंद, असा तो असतो. मधला एकच मोठा आकडा दाखवून विक्री करणारे पुष्कळ आहेत. तुम्ही कोपऱ्यातला आकडा बघा. मध्ये ५०० आणि कोपऱ्यात १२० असेल तर मधली रोपं भाजतील, कडेची लांबतील. कोपरा मधल्याच्या निम्म्याच्या खाली नको.

पायरी ४: रंग, थोडक्यात

जांभळट प्रकाश देणारे लाल-निळे दिवे अजून विकले जातात. 'झाडं हिरवा प्रकाश वापरतच नाहीत' हा त्यामागचा समज. संशोधक कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्येच अनेक पिकांवर मोजून दाखवलं होतं की हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं; तो पानांच्या खालच्या थरांपर्यंत जास्त पोचतोही. जांभळ्या उजेडात आणखी एक त्रास आहे: पान पिवळं पडतंय, मावा लागलाय, करपा आलाय, यातलं काहीच दिसत नाही. सगळं काळं-जांभळं.

पांढरा दिवा घ्या, ३००० ते ४००० केल्व्हिनचा (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर), सोबत ६६० नॅनोमीटरचे थोडे लाल एलईडी असले तर उत्तम. फक्त रोपवाटिका आणि पालेभाजी करायची असेल तर ४००० ते ५००० केल्व्हिनही छान, कारण निळ्याचा वाटा जास्त असला की रोप बुटकं आणि घट्ट राहतं. ७३० नॅनोमीटरचा फार-रेड, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल, असलेले दिवे पालेभाजीला पान मोठं करतात, पण रोपांना ताणतातही. पहिल्या दिव्यात तो नसला तर काही बिघडत नाही. 'यूव्ही' बटणाचे पैसे वाचवा.

पायरी ५: आकार

एका चौकोनी बोर्डाचे दिवे स्वस्त असतात आणि चौरस टेंटला बरे पडतात. १२० बाय ६० सारख्या लांबट टेंटला एक चौकोनी बोर्ड मध्ये टांगला की दोन्ही टोकं उपाशी राहतात. तिथे लांबट बोर्ड घ्या, नाहीतर ४५-५० वॉटचे दोन छोटे बोर्ड शेजारी टांगा. दोन दिव्यांचा फायदा असा की एक बिघडला तर पीक मरत नाही, आणि एका बाजूला रोपवाटिका, दुसरीकडे बेसिल असं वेगवेगळ्या उंचीवर चालवता येतं. पट्ट्यांचे, शिडीसारखे दिसणारे दिवे प्रकाश सगळ्यात सारखा पसरवतात आणि २० ते ३० सेंटीमीटरवर आणता येतात, म्हणून बुटक्या टेंटला तेच सोयीचे. ते महाग असतात.

पंखा आत बसवलेले दिवे टाळा. त्या छोट्या पंख्यांमध्ये धूळ बसते, आवाज येऊ लागतो, एक दिवस पंखा थांबतो आणि पाठोपाठ एलईडी जातात. ॲल्युमिनियमच्या जाड पाठीचा, बिनपंख्याचा दिवा पुण्याच्या धुळीत जास्त टिकतो.

पायरी ६: पुण्याचा उन्हाळा

दिव्याने ओढलेला जवळजवळ प्रत्येक वॉट शेवटी टेंटमध्ये उष्णता होतो. एलईडी 'थंड' असतो हे खरं नाही. त्याच प्रकाशाला तो कमी वॉट घेतो, एवढंच. म्हणून दिवा निवडतानाच हवेचा हिशेब करावा.

हिशेब असा: दिव्याच्या प्रत्येक वॉटमागे ताशी एक घनमीटर हवा टेंटमधून खेचून बाहेर टाकली, तर टेंट खोलीपेक्षा साधारण ३ अंश गरम राहतो. ९० वॉटला ताशी ९० घनमीटर. चार इंची इनलाइन पंख्याच्या (पाईपच्या मध्ये बसणाऱ्या) लेबलवर त्याच्या दुप्पट आकडा असतो, पण पाईप, वळणं आणि गाळणी यांत बराच मार खातो, त्यामुळे तोच योग्य. पंखा वर, टेंटच्या छताजवळ. हवा आत यायची झडप खाली, समोरच्या बाजूला. पाईपचं तोंड खिडकीबाहेर काढा. खोलीतच सोडलंत तर तासाभरात टेंट स्वतःचीच गरम हवा परत ओढू लागतो.

आता अडचण बघा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३८ ते ४० अंश. वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब तापलेल्या खोलीत दुपारी ३४ सहज असतात. त्यात ३ मिळवले की ३७. लेट्यूस २८ च्या पुढेच कडवट होऊ लागतो आणि फुलावर जातो. मोठा पंखाही इथे कामाचा नाही, कारण तो खोलीपेक्षा थंड हवा आणणार कुठून?

उपाय दोन. पहिला, दिवस-रात्र उलटवा: दिवा संध्याकाळी ६ ला चालू, सकाळी १० ला बंद. पुण्यात मे महिन्यातही पहाटे बऱ्यापैकी गारवा असतो, त्याचा फायदा मिळतो आणि तापत्या दुपारी टेंट अंधारात राहतो. हिवाळ्यातही हेच वेळापत्रक बरं, रात्रीच्या थंडीत दिव्याची ऊब मिरचीच्या कामी येते. दुसरा, पीक बदला. बेसिल उकाड्याला दाद देत नाही, मायक्रोग्रीन्स आठवड्या-दोन आठवड्यांत निघून जातात. लेट्यूस आणि कोथिंबीर जुलै ते फेब्रुवारीसाठी ठेवा. एसी लावून मे महिन्यात लेट्यूस पिकवता येतो, पण मग मंडईत जाऊन विकत घेणं केव्हाही स्वस्त.

ड्रायव्हर सुटा करता येत असेल तर टेंटबाहेर काढा. दिव्याच्या एकूण उष्णतेतली ७ ते १० टक्के त्याच्यातच तयार होते, आणि बाहेर तो स्वतःही जास्त जगतो.

पायरी ७: वीज, टायमर, अर्थिंग

९० वॉटचा दिवा १६ तास म्हणजे रोज १.४४ युनिट, महिन्याला ४३. पंखा २५ वॉटचा, चोवीस तास, म्हणजे १८. एकूण ६१ युनिट. महावितरणच्या बिलात हे तुमच्या आधीच्या वापरावर चढतात, म्हणून सरासरी दराने नाही तर तुमच्या सर्वात वरच्या टप्प्याच्या दराने हिशेब करा. इंधन आकार, वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला १० रुपये पडत असतील तर महिन्याचे ६१० रुपये. यात लेट्यूसचे किती गड्डे निघतात ते बघून मगच दिव्याचा आकार वाढवायचा की नाही ते ठरवा.

टायमर निवडताना चूक होते ती अशी. कडेला छोट्या पिना असलेला, गोल फिरणारा यांत्रिक टायमर स्वस्त आणि सोपा वाटतो. पण वीज गेली की त्याचं चक्र थांबतं. पावसाळ्यात आज वीस मिनिटं, परवा दोन तास, असं करत महिन्याभरात संध्याकाळी ६ चा दिवा रात्री ११ ला लागू लागतो आणि भर दुपारी चालू राहतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, नाहीतर वायफायवर चालणारा स्मार्ट प्लग, जो वीज आल्यावर वेळ स्वतः जुळवतो. प्लग १६ अँपिअरचा असू द्या. दिवा ओढतो अर्धा अँपिअरसुद्धा नाही, पण चालू होताना ड्रायव्हर क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट खेचतो. त्या झटक्याने छोट्या टायमरमधले रिले चिकटतात आणि दिवा बंदच होत नाही.

इन्व्हर्टरच्या लाइनवर दिवा टाकू नका. रोपांना दोन तास अंधार झाला तर काही होत नाही, तुमची बॅटरी मात्र बसते. छोटा पंखा तेवढा इन्व्हर्टरवर चालेल.

दिव्याची पाठ धातूची आणि टेंटमध्ये ओल, तेव्हा तीन पिनचा प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग याला पर्याय नाही. जुन्या वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि त्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड टेंटबाहेर, जमिनीपासून फूटभर वर, भिंतीला. वायर सॉकेटपर्यंत नेताना तिला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून खाली टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

पायरी ८: टांगा आणि मोजा

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन एक साधा लक्समीटर घ्या. मोबाइलच्या ॲपवर अंदाज येतो, पण प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळा, त्यामुळे खरेदी-विक्रीचे वाद त्यावर लढवू नका. पांढऱ्या एलईडीखाली लक्सचा आकडा ७० ने भागला की साधारण पीपीएफडी मिळतो. १७,५०० लक्स म्हणजे २५०. जांभळ्या दिव्याला हा भागाकार लागू नाही.

टेंट रिकामा असताना, जिथे पानांचा माथा येणार त्या उंचीवर एक पुठ्ठा ठेवा. त्यावर तीन ओळी तीन रकाने असे नऊ चौकोन आखा. दिवा ३५ सेंटीमीटर वर टांगा, सरकणाऱ्या दोरीच्या हुकांनी, चारही कोपरे पातळीत. टेंटची चेन लावून, फक्त हात जाईल एवढी फट ठेवा, कारण उघड्या टेंटमध्ये पुढची बाजू कमीच दाखवणार. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर सेन्सर आडवा ठेवून वाचा, लिहा, नऊंची सरासरी काढा. मध्ये २७,००० लक्स आणि कोपऱ्यात ९,००० आले तर दिवा १० सेंटीमीटर वर घ्या आणि डिमर थोडा वाढवा. मधला आकडा उतरतो, कोपरे जवळजवळ तेवढेच राहतात. तरीही कोपरे मागे राहिले तर तिथे कोथिंबीर किंवा रोपांचा ट्रे ठेवा, बेसिल मध्ये. आठवड्याला कुंड्यांची जागा फिरवणं हाही उपाय आहे, आणि फुकट आहे.

नवी रोपं आत घेताना पहिले तीन-चार दिवस डिमर निम्म्यावर ठेवा. त्यानंतर दर दोन दिवसांनी थोडं थोडं चढवत लक्ष्यापर्यंत न्या. दिव्याकडे सरळ बघू नका. काम करताना डिमर कमी करणं हे गॉगल शोधण्यापेक्षा सोपं.

काय बिघडतं आणि का

रोपं किडकिडीत, लांब, एका बाजूला कललेली: प्रकाश कमी. दिवा खाली घ्या किंवा डिमर वाढवा, तास वाढवून हे सुटत नाही. वरचीच पानं फिकट-पांढरी पडली, खालची हिरवीगार आहेत: प्रकाश जास्त. लोक याला खताची कमतरता समजून खत घालतात आणि रोप दुहेरी मार खातं. लक्षात ठेवा, नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो.

पानांच्या कडा नावेसारख्या वर वळल्या तर हात पानांच्या उंचीवर धरून बघा. ऊब जाणवत असेल तर कारण उष्णता आहे, आधी हवा वाढवा.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांचे शेंडे तपकिरी होऊन जळतात, तेव्हा कॅल्शियम टाकायला धावू नका. पाण्यात कॅल्शियम बहुधा असतंच, ते कोवळ्या पानापर्यंत पोचत नाही, कारण तिथली हवा कोंडलेली असते आणि प्रकाश भरपूर असल्याने वाढ जोरात असते. आत एक छोटा क्लिपचा पंखा लावून हवा पानांवरून फिरती ठेवा आणि डीएलआय १७ वरून १३ वर आणा. जुलै-ऑगस्टमध्ये, हवेतच ८०-९० टक्के आर्द्रता असते तेव्हा, हे हमखास होतं. त्याच दिवसांत दिवा बंद झाल्यावर टेंट गार पडतो आणि पानांवर दव धरतं, मग बुरशी. एक्झॉस्ट अंधारातही चालू ठेवायचा तो यासाठी.

कोकोपीटवर हिरवं शेवाळ आलं तर दिव्याचा दोष नाही. जिथे प्रकाश आणि ओल एकत्र, तिथे शेवाळ. वरून काळा प्लॅस्टिकचा कागद किंवा खडी पसरा.

बोर्डावरची एक ओळ अचानक विझली तर त्या ओळीतला एकच एलईडी गेलेला असतो, बाकीचे त्याच्यामागे साखळीत अडकलेले. संपूर्ण दिवा लुकलुकतोय किंवा लागायला वेळ घेतोय, तर ड्रायव्हर. वॉरंटीत असेल तर हात लावू नका. नसेल तर तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा नवा ड्रायव्हर बसवून घ्या, बोर्ड फेकू नका. बरे एलईडी दहा टक्के मंद व्हायला ५० हजार तासांच्या आसपास लागतात, म्हणजे रोज १६ तासांनी आठ वर्षांहून जास्त.

महिन्यातून एकदा दिवा बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मऊ कापडाने एलईडीची बाजू पुसा. खताचे शिंतोडे चिकटले असतील तर कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, बोर्डावर थेट फवारू नका. आणि पानांवर फवारणी करायची वेळ आली, मग ते निंबोळी तेल असो की साधं पाणी, तर ती दिवा बंद व्हायच्या सुमारास करा. भर उजेडात ओल्या पानांवर तेल पडलं की डाग पडतात, आणि दिव्यावर उडालेला तेलाचा थर पुढच्या महिन्यात लक्समीटरवर दिसतो.